उभी गाडी आडवी कशी होते

मंडळी, आज काजू नाही, आंबा नाही, सुपारीचा कोळेरोगही नाही. आज गाडीवर लिहितोय. शेतीच्या पानावर गाडी कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या वाडीत मागच्या दोन-तीन वर्षांत कोण कशाने घरी बसलं ते जरा आठवून बघा. कुणी आंब्यावरून पडलं, कुणाला कोयता लागला, आणि कुणाचा पाय गाडीखाली सापडला. ही तिसरी गोष्ट आपण मोजतच नाही. धावत्या गाडीचा अपघात झाला की गावभर होतं. थांबलेली गाडी आडवी झाली तर माणूस आधी इकडे-तिकडे बघतो कुणी पाहिलं नाही ना, आणि मग कंबर धरून गाडी उचलतो.

भारी गाडी म्हणजे मी इथे साडेतीनशे सीसीच्या पुढची धरतोय. आमच्या ओरोस-कसाल पट्ट्यात या गाड्या आता घरोघरी झाल्यात. पूर्वी बुलेट म्हणजे फौजी, पोलीस आणि एखादा बागायतदार. आता बारावी झालेला पोरगाही तीच मागतो. १००-११० सीसीची साधी गाडी ११०-११५ किलोची असते, ही नवी साडेतीनशे सरळ १९५ किलो. लेगगार्ड, मागे कॅरिअर धरलं की दोनशेच्या वर. म्हणजे चार भाताची पोती एकाच दांड्यावर उभी करून तुम्ही दोन पायांनी सावरताय.

आमच्या काकांची गोष्ट सांगतो. काका सहासष्टचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आले तेव्हापासून बुलेट. जुनी, लोखंडी इंजिनाची, गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. तीस वर्षं त्याच गाडीवर कणकवली, कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून काजूची कलमं आणणं, सगळं केलं. दोन वर्षांपूर्वी तिचे सुटे भाग मिळेनात म्हणून पुण्याच्या मुलाने नवी साडेतीनशे घेऊन दिली. डाव्या पायाला गिअर, पुढे डिस्क ब्रेक, बटणस्टार्ट. काका खूश. किक मारायची नको.

आणि त्या नव्या गाडीवरून एका वर्षात काका तीन वेळा पडले. तिन्ही वेळा वेग शून्य.

पहिल्यांदा मार्चमध्ये. सड्यावरून काजू बीचं पन्नास किलोचं पोतं मागे बांधून खाली येत होते. पाणंद जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे थांबले, कारण वरून डंपर येत होता. डावा पाय टेकवला तो लाल खड्यांवर. पाय सरकला, गाडी डावीकडे गेली, पोतं फाटलं. अर्धा तास आम्ही रस्त्यावर काजू वेचत होतो. काका म्हणाले, "मी पडूक नाय, जमीन सरकली." सगळे हसले.

दुसऱ्यांदा जूनच्या पहिल्या पावसात, एसटीला बाजू देताना. रस्त्याच्या कडेला घेतली, थांबले, डावा पाय खाली सोडला आणि पायाला जमीनच लागली नाही. डांबराचे थर एकावर एक चढून रस्ता वर आलाय आणि साइडपट्टी होती तिथेच राहिलीय, अर्धा फूट खाली. गाडी गवतात. लागलं काही नाही, आरसा फुटला.

तिसरं ऑगस्टमध्ये, आमच्याच बेड्यासमोर. ते पुढे सांगतो.

तिसऱ्या वेळेनंतर घरात बैठक बसली. काकी म्हणाली, "तुमका एक सांगतंय, आता पुरे झाला. ती गाडी इकून टाकूया." पुण्याहून मुलगाही फोनवर तेच, बाबांचं वय झालं, स्कूटर घ्या. काका गप्प. सैन्यातला माणूस, वयावर बोलणं गेलं की तो गप्पच होतो. गिऱ्हाईक बघायचं काम माझ्यावर आलं.

मला ते वयाचं काही पटत नव्हतं. हाच माणूस सुपारीच्या बागेत पंपाचा पाइप खांद्यावर टाकून दिवसभर चढ-उतार करतो. तोल गेलेला माणूस गडग्यावरून उडी मारत नाही. आणि वयाने तोल जात असता तर जुन्या गाडीवर शेवटच्या वर्षी कधीतरी पडलेच असते की. तिन्ही पडण्यांत एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे गाडी दरवेळी डावीकडे पडली. पिकावर रोग आला तर आपण बघतोच ना, कुठल्या बाजूच्या फांदीला आधी आला ते. तसंच बघायला लागलो.

जुन्या गाडीवर मागचा ब्रेक डाव्या पायाला. म्हणजे थांबताना डावा पाय ब्रेकवर, आणि जमिनीवर जातो तो उजवा. नव्या गाडीवर उलटं. ब्रेक उजव्या पायाला, म्हणून टेकतो तो डावा. आता आपला रस्ता बघा. आपण डावीकडून चालतो. रस्ता मधे उंच, कडेला उतरता, पाणी जावं म्हणून. उजव्या पायाखाली येतो रस्त्याचा मधला भाग, उंच, कोरडा, डांबरी. डाव्या पायाखाली येते साइडपट्टी, खडे, चिखल, पानं, गटार. तीस वर्षं काकांचा पाय चांगल्या जमिनीवर पडत होता आणि ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. गाडी बदलली, पाय बदलला, पायाखालची जमीन बदलली.

यात नव्या गाडीचा दोष नाही, हे आधीच सांगतो. आता सगळ्याच मोटारसायकलींना गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असतो, आणि तेच बरं, सगळीकडे एकच सवय राहते. जुनी बुलेट ही मूळची इंग्लंडची. १९५५ मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्रियूरला तिचा कारखाना आला, आणि मूळ इंग्रज कंपनी बंद पडल्यावरही आपल्याकडे ती गाडी त्याच जुन्या घडणीत, उजव्या गिअरची, कित्येक वर्षं बनत राहिली. म्हणून आपल्या जिल्ह्यात पन्नाशी-साठीच्या बऱ्याच लोकांचा पाय अजून त्या जुन्या गाडीचा आहे. गिअरची सवय महिन्याभरात बदलते. थांबताना कुठला पाय सुटतो, ती खोलवरची सवय आहे. काकांचं मी मुद्दाम बघितलं. नव्या गाडीवर थांबताना आधी उजवा पाय हलतो, मग आठवतं की त्याच्याखाली ब्रेक आहे, मग डावा जातो. अर्धा क्षण. सपाट जागी अर्ध्या क्षणाने काही होत नाही.

त्या अर्ध्या क्षणाची किंमत किती, ते बघायला आम्ही एक रविवार घालवला. काजू तोलायचा ताणकाटा होता, पन्नास किलोपर्यंतचा. गाडी खळ्यात उभी केली, हँडल दोरीने सरळ बांधलं, उजव्या बाजूने दोरी लावून काटा अडकवला, दोघे जण डाव्या बाजूला आधाराला आणि गाडी हळूहळू डावीकडे कलती सोडली. किती अंश कलली ते मोबाइलवर बघितलं. शेजारचा कृषी पदवीचा विद्यार्थी वही घेऊन बसला होता, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

पाच अंश कलली तेव्हा काटा दाखवत होता नऊ-दहा किलो. दहा अंशाला अठरा-एकोणीस. वीस अंशाला छत्तीस-सदतीस. तीस अंशापर्यंत काटा पन्नासच्या पुढे गेला आणि आम्ही थांबलो. हिशेबानेही तेच येतं. गाडीचं वजन १९५, त्याचा मध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटरवर, हँडल एक मीटरवर. जितकी कलते तितका तो मध्य बाजूला सरकतो आणि तितकं वजन हातावर येतं. म्हणजे सरळ उभी गाडी हाताला काहीच वजन देत नाही, एक बोट पुरतं. दहा अंशाला ती कोंबडखताच्या अर्ध्या पोत्याएवढी होते. तीस अंशाला एक भरलेलं पोतं हात लांब करून, वाकड्या कंबरेने धरल्यासारखं. वीस-पंचवीस अंशापुढे माणसाने ती सावरायला जाऊच नये.

आता साइडपट्टीचं बघा. नव्या गाडीची सीट ८०५ मिलिमीटर उंच. काकांची उंची पाच फूट चार इंच. सपाट जागी दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात. जमीन अर्धा फूट खाली असेल तर पाय पोचेपर्यंत गाडी पंधरा-सोळा अंश कललेली असते. म्हणजे पाय टेकताक्षणी तीस किलोचा झटका, तोही ओल्या गवतावर. सैन्यातला काय आणि पैलवान काय, तिथे गाडी जाणारच.

मागचं पोतं यात अजून भर घालतं, आणि ते आपल्या अंदाजापेक्षा जास्त घालतं. पन्नास किलो म्हणजे गाडीच्या वजनाचा पाव भाग. पण ते सीटवर ठेवलं की त्याचा मध्य एक मीटरवर जातो, गाडीच्या मध्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. म्हणून दहा अंशाला गाडी एकटी अठरा-एकोणीस किलो ओढत होती ती पोत्यासकट सत्तावीसवर गेली. वजनाने पाव, ओढण्यात जवळजवळ अर्धं. हेच पन्नास किलो दोन बाजूंना खाली लटकवलं तर ही भर निम्म्यावर येते. दूधवाले किटल्या खाली, चाकाच्या दोन्ही अंगांना अडकवतात त्याचं कारण हेच. आपण मात्र हापूसचे क्रेट एकावर एक चढवतो आणि वर तिसरा दोरीने बांधतो. फवारणीचा अर्धा भरलेला पंप पाठीवर घेऊन जाणं त्याहून वाईट, कारण पाणी तुम्ही थांबल्यावरही हलत राहतं आणि तुमच्या पायाच्या उलट बाजूला जातं.

वेगात असताना हे सगळं वजन कुठे जातं, असा प्रश्न त्या विद्यार्थ्याने विचारला. चांगला प्रश्न आहे. चालती गाडी हँडलने सावरली जाते. गाडी डावीकडे कलली की हँडलही थोडं डावीकडे वळतं, चाकं पुन्हा वजनाच्या खाली येतात. हे आपल्याला कळतही नाही. चाक फिरतं त्या भोवऱ्यामुळे गाडी उभी राहते असं आपण शाळेत ऐकलं, पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी एक छोटी सायकल केली की तिच्या चाकांचा भोवरा परिणाम उलट्या चाकांनी रद्द केला होता, आणि तरीही ती माणसाशिवाय ढकलून दिली की सावरत चालायची. म्हणजे खरं काम चाकं वजनाखाली आणण्याचं. त्याला पुढे सरकणं लागतं. माणसाच्या चालीएवढ्या वेगात हँडल खूप वळवावं लागतं, आणि थांबलात की तेही संपलं. मग राहतो तुमचा पाय आणि पायाखालची माती.

पायाखालच्या मातीबद्दल आपल्या जिल्ह्याला बोलायचा हक्क आहे. जांभा. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने मलबारमध्ये हा दगड बघितला आणि १८०७ मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट, कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते. आपण त्याला चिरा म्हणतो आणि अजूनही कापतोय. या मातीत लोहाचे गोल, कडक खडे असतात. पाऊस बारीक माती धुवून नेतो आणि हे खडे वर राहतात. उन्हाळ्यात पाणंदीच्या तोंडाशी, जिथे पाणी वळतं, तिथे त्यांचा थर साचलेला असतो. कडक जमिनीवर गोट्या पसरून त्यावर पाय ठेवण्यासारखं. ओल्यापेक्षा कोरड्यात ते जास्त घातक, कारण ओल्यात थोडे रुतून तरी बसतात. पहिलं पडणं मार्चमधलं, ते यामुळे.

पावसाळ्यात उलट. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, आणि सावलीत असला की जुलैअखेर त्यावर हिरवंगार शेवाळ. तिसरं पडणं तिथलं.

आमचं बेडं चढावर आहे. काका ओरोसवरून आले, बेड्यासमोर थांबले. चढावर थांबायचं म्हणजे उजवा पाय ब्रेकवर ठेवावाच लागतो, नाहीतर गाडी मागे येते. डावा पाय टेकला तो पाखाडीच्या शेवटच्या चिऱ्यावर, पिंपळाच्या सावलीतला, शेवाळलेला. पाय बाहेर गेला, गाडी त्याच्यावर आली. मी पलीकडे सुपारीत होतो. आवाज झाला तो इंजिनाचा, मग बंद, मग काकांची हाक. जाऊन बघतो तर डावा पाय घोट्यापर्यंत गाडीखाली, पायात चप्पल. लेगगार्डने गाडी जमिनीपासून वीतभर वर धरली होती म्हणून हाड वाचलं. पेट्रोलचा वास येत होता. चावी बंद केली. गाडी वर उचलायला न जाता लेगगार्डवरच थोडी फिरवली, पाय मोकळा केला.

काका म्हणाले, "झिला, आधी माका नको बघू, बेडा लाव, गुरा आत शिरतली."

जिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढला. मोडलं नव्हतं, घोट्याचा स्नायुबंध ताणला होता. तीन आठवडे पाय वर. बरोबर तेव्हा सुपारीची दुसरी फवारणी राहिली होती आणि पाऊस उघडीप देत नव्हता. फवारणारा माणूस मिळेपर्यंत दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांत कोळेरोगाने खालच्या बाजूच्या झाडांची फळं गळाली. चप्पल, शेवाळ आणि एक उभी गाडी. त्या वर्षी त्या कोपऱ्यातली सुपारी आम्ही जमिनीवरूनच गोळा केली.

तर आम्ही काय केलं. एक, बेड्यासमोर डाव्या बाजूला चार फूट बाय तीन फूट जागा सपाट केली. चिरा काढला, खाली खडी, वर सिमेंट, आणि ओलं असताना खराट्याने आडवे ओरखडे काढले. गुळगुळीत केलं असतं तर शेवाळाला आमंत्रणच. दीड तासाचं काम. पाणंदीच्या तोंडाशी तर काहीच बांधलं नाही, महिन्यातून एकदा फावड्याने खडे बाजूला ओढतो आणि ते झाडाच्या बुंध्याजवळच्या वाटेवर टाकतो, तिथे कामाला येतात. बाकीच्या पाखाडीवर उरलेलं बोर्डो मिश्रण ओततो. एक टक्क्याचं, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आपण सुपारीला करतो तेच. मोरचूद शेवाळ मारतं. दोन दिवसांनी खराटा मारला की चिरा लाल दिसतो. विहिरीच्या किंवा ओहोळाच्या जवळ मात्र हे करू नका, माशांना आणि पाण्यातल्या जिवांना मोरचूद चालत नाही. तिथे नुसता खराटा आणि घाम.

दुसरं, थांबायची जागा काका आता आधी ठरवतात. एसटी दिसली की कडेला जात नाहीत. रस्त्यावरच वेग कमी करून, जिथे साइडपट्टी रस्त्याला समान आहे तिथवर जाऊन थांबतात. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

डिस्क ब्रेकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती चूक काकांची नव्हे, तरण्या पोरांची जास्त. हँडल वळलेलं असताना, चालीच्या वेगात, पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी वळलेल्या बाजूला आडवी होते. जुन्या ड्रम ब्रेकला तेवढी पकडच नव्हती. आणि एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अगदी कमी वेगात त्याचा उपयोग नसतो. बाजारात गाडी वळवताना पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून ठेवा. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, आणि नजर चाकासमोर नाही तर जिथे जायचंय तिथे. हे लिहायला सोपं आहे. रिकाम्या मैदानात अर्धा तास केलं की अंगात बसतं.

जपानमध्ये मोठ्या मोटारसायकलचं लायसन हवं असेल तर एका अरुंद फळीसारख्या पट्ट्यावरून गाडी न्यावी लागते. पंधरा मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद. आणि ती लवकर पार करायची नाही, सावकाश करायची. मोठ्या गाडीला दहा सेकंदांहून कमी लागले तर गुण कापतात. म्हणजे परीक्षा हळू चालवण्याची. आडवी गाडी उचलणंही तिथल्या शिकवणीत येतं. आपल्याकडे आठचा आकडा आहे, पाय टेकायचा नाही, तीही खरं तर हळू चालवण्याचीच परीक्षा. पण ती देतो आपण मित्राच्या हलक्या गाडीवर, आणि दुसऱ्या दिवसापासून बसतो दोनशे किलोवर.

उचलण्याबद्दल, कारण दहातले नऊ जण हँडल धरून वाकून ओढतात आणि कंबर घालवतात. आधी चावी बंद. जुन्या गाडीचा पेट्रोलचा नळ बंद. विडी-सिगारेट लांब. पोतं, क्रेट, जे असेल ते सोडून काढा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, कारण तो डावीकडे असतो आणि उचलल्यावर गाडी त्याच्यावर टेकेल. डावीकडे पडली असेल तर तो दबलेला असतो, मग उभी झाल्यावर पलीकडे जाऊ नये म्हणून दुसरा माणूस हवाच. गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला पार्श्वभाग टेकवा, एक हात हँडलच्या खालच्या मुठीला, दुसरा मागच्या कॅरिअरला किंवा चौकटीला, पाठ सरळ, आणि पायांनी मागे-मागे लहान पावलं टाकत ढकला. माड ढकलताना खांदा लावतो तसं, जोर पायांचा. नव्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून उजवीकडे पडलेली उचलताना पोटऱ्या सांभाळा. चाकं चढाकडे आणि सीट उताराकडे अशी पडली असेल तर एकट्याने हात लावूच नका. लेगगार्डवर फिरवून चाकं उताराच्या बाजूला आणा आणि मग उचला.

उभी केल्यावर लगेच स्टार्ट मारू नका, पाच मिनिटं जाऊ द्या, तेल खाली बसू दे. इंजेक्शनच्या गाड्या पडल्या की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून परत चालू केली की बहुतेक वेळा चालू होते. पोरं यासाठी मेकॅनिक बोलावतात.

आणि पडायला लागली की सोडून द्या. हे काकांना शिकवायला सगळ्यात अवघड गेलं. तीस वर्षांची माया असते, हात सुटत नाही. आरसा बाजारात मिळतो, क्लचची दांडीही मिळते.

पायात चप्पल नको, हे काकीने एकटीने करून दाखवलं. काकांच्या सगळ्या चपला ओटीवरून उचलून माळ्यावर टाकल्या आणि कॅन्टीनचे जुने फौजी बूट दाराशी ठेवले. काका दोन दिवस कुरकुरले.

गिऱ्हाईक आलं होतं, कुडाळचं. गाडी बघितली, डावीकडचा लेगगार्ड वाकलेला बघून भाव पाडला. काकी आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बघूया, गणपती होवंदे." गणपती झाले, दसरा झाला, भातकापणी संपली. विकण्याचा विषय अजून कुणी काढलेला नाही, मिटलाही नाही. पुण्याचा फोन आला की काका बाहेर जातात. मधल्या काळात त्यांनी एक स्वतःच ठरवलंय, पाऊस पडत असेल त्या दिवशी आणि मागे पोतं असेल तेव्हा नवी गाडी न्यायची नाही, माझी शंभर सीसीची घ्यायची. पडून पाच महिने झाले, गाडी आडवी झालेली नाही. पण खरी कसोटी पुढच्या जून-जुलैची आहे, आत्ताच्या कोरड्यात नाही.

बेड्यासमोरच्या त्या चार बाय तीनच्या तुकड्यावर सध्या काकीने सोललेली सुपारी पसरलीय. काकांना थांबायला जागा नाही म्हणून ते बेडं उघडं ठेवूनच जातात, आणि गुरं आत.

सड्यावरच्या पाणंदीत, जिथे सिमेंट करणं शक्य नाही तिथे पाय धरून राहील असं कुणी काही करून बघितलं असेल, भाताचा तूस, चिऱ्याचा चुरा, वाळू, काहीही, तर कळवा. चिऱ्याचा चुरा आम्ही एका ठिकाणी टाकलाय, पावसाने किती राहतो ते ऑगस्टमध्ये मोजून लिहीन.